मोतीची शाळा

(कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. पण त्याला चांगल्या सवयी लागल्या नाहीत, तर घराला त्याचा त्रास होतो आणि घराकडून त्यालाही त्रास होतो. प्रस्तुत पाठात लेखिकेने आपल्या लहानपणीच्या मोती नावाच्या कुत्र्याची हकीकत सांगितली आहे. कुत्र्याला कसे शिकवावे, त्याच्या वाईट सवयी कशा घालवाव्यात आणि कुत्रा चावल्यास काय करावे, हे या पाठातून समजते.)

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी कुत्रा आहे? हात वर करणारे थोडेच असतील. आपल्यातल्या बऱ्याच घरांत कुत्र्याला आत घेत नाहीत. पण शेतावर, वखारीपाशी, शेळ्या-मेंढ्यांच्या गोठ्याजवळ राखणीसाठी कुत्रा असतोच. ज्यांच्याकडे कुत्रा नाही, त्यांनाही शाळेच्या वाटेवर तो भेटतो. म्हणून हा पाठ सर्वांसाठी आहे.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका गावाच्या टोकाला आमचे घर होते. घरामागे गोठा होता आणि गोठ्यात अकरा शेळ्या होत्या. एका रात्री एक शेळी चोरीला गेली. अब्बा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या मेंढपाळ काकांकडून एक पिल्लू घेऊन आले. पिल्लू दोन महिन्यांचे होते. अंग काळे आणि कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून आम्ही त्याचे नाव मोती ठेवले. दादीने पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "हा अंगणात राहील. उंबरा ओलांडायचा नाही."

मोतीने उंबरा ओलांडला नाही. पण तो ओसरीवर चढला. त्याच ओसरीवर दादी नमाज पढत असे. एका सकाळी मोतीने तिथे घाण केली. कुणीतरी मला सांगितले होते, की अशा वेळी पिल्लाचे नाक घाणीवर घासावे आणि दोन फटके द्यावेत. मी तसेच केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. मी पुन्हा मारले. चार दिवसांनी मोती मला पाहिले की सरपणामागे लपू लागला. ओसरी मात्र रोज घाण होतच होती.

दादीने मला जवळ बोलावले. ती म्हणाली, "ओसरी मी धुऊन घेईन. पण मुक्या जिवाला मारू नकोस." तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हकीकत तिनेच आम्हाला लहानपणी सांगितली होती. मला फार लाज वाटली.

संध्याकाळी मेंढपाळ काका आले. त्यांचे सारे आयुष्य मेंढ्या आणि कुत्र्यांमध्ये गेले होते. सगळे ऐकून त्यांनी मला विचारले,

"पोरी, तू त्याला मारलंस, तेव्हा तो काय करत होता?"

"माझ्याकडे बघून शेपटी हलवत होता."

"आणि घाण कधी केली होती?"

"ते मला काय माहीत? मी उठले तेव्हा केलेली होती."

"मग त्याला काय कळलं? ताई आली, मी शेपटी हलवली आणि मार बसला. घाणीचा आणि माराचा संबंध तुझ्या डोक्यात आहे, त्याच्या डोक्यात नाही."

मुलांनो, काकांचे हे वाक्य नीट लक्षात ठेवा. कुत्रा एखादी गोष्ट करतो आणि त्यानंतर एक-दोन सेकंदांत जे घडते, त्याच्याशीच तो ती गोष्ट जोडतो. तासाभराने दिलेली शिक्षा त्याला समजत नाही. तासाभराने दिलेले बक्षीसही समजत नाही. काकांनी ही गोष्ट अनुभवाने ओळखली होती. रशियातील शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी ती प्रयोगशाळेत तपासली. कुत्र्याला खाणे देण्याआधी ते दर वेळी एक ठरावीक आवाज करत. काही दिवसांनी खाणे समोर नसतानाही, नुसता तो आवाज ऐकून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. आवाज आणि खाणे यांची त्याच्या मनात जोडी जमली होती. या पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते.

मग ओसरीचे काय करायचे? काकांनी उपाय सांगितला. पिल्लाला लघवी फार वेळ धरवत नाही. ते झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यायचे. शिवाय दिवसा दर दोन तासांनी न्यायचे. त्याने तिथे विधी केला, की त्याच क्षणी प्रेमाने बोलायचे आणि खाऊचा एक तुकडा द्यायचा. चुकून भलत्या जागी घाण झाली, तर न ओरडता ती जागा स्वच्छ धुवायची. वास राहिला तर पिल्लू पुन्हा तिथेच जाते. मी बाभळीखालची जागा ठरवली. तीन आठवड्यांत ओसरी कोरडी राहू लागली.

यानंतर मोतीची खरी शाळा सुरू झाली. पहिला धडा होता 'बस'. काकांनी भाकरीचा तुकडा मोतीच्या नाकासमोर धरला आणि हळूच त्याच्या डोक्यावरून मागे नेला. तुकड्याकडे पाहता पाहता मोतीचे डोके वर गेले आणि मागचा भाग आपोआप खाली टेकला. तो टेकताच काका म्हणाले, "बस! शाब्बास!" आणि तुकडा त्याच्या तोंडात दिला. त्याला ना दाबावे लागले, ना ओढावे लागले. "पाच मिनिटं शिकवायचं, दिवसातून दोनदा किंवा तीनदा," काका म्हणाले. "आणि जेवणाआधी. भरल्या पोटी कोण शिकतं?"

मोती दोन दिवसांत शिकला. पण तिसऱ्या दिवशी तो सारे विसरल्यासारखा वागू लागला. मी 'बस' म्हणत होते. भाईजान 'बैठ' म्हणत होता. अब्बा 'अरे, बैठ जा ना' म्हणत होते. मोती आमच्या तोंडाकडे टकमक पाहत उभा राही. भाईजान म्हणाला, "हा मठ्ठ आहे."

त्याच रात्री एक गंमत झाली. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो होतो. अम्मी दादीला सालन वाढत होती. दादीने ताटावर हात आडवा धरला आणि ती म्हणाली, "बस, बस!" अंगणात उभा असलेला मोती चटकन खाली बसला. आम्ही सारे हसू लागलो. दादीही हसली. ती म्हणाली, "या घरात माझं ऐकणारा एवढा एकच आहे!"

तुम्हाला गंमत कळली ना? आपल्या घरच्या भाषेत 'बस' म्हणजे 'पुरे'. मराठीत 'बस' म्हणजे 'खाली बस'. मोतीला ना उर्दू येत होती, ना मराठी. त्याला फक्त एक आवाज ओळखता येत होता. तो आवाज कानी पडला आणि तो बसला. मठ्ठ तो नव्हता. एकाच कामासाठी तीन शब्द वापरणारे आम्हीच गोंधळलेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरात पाच शब्द ठरवले. बस, ये, थांब, सोड आणि घे. मी ते वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवले. घरातल्या प्रत्येकाने तेच शब्द वापरायचे, असे ठरले. दादीने तर 'बस'ऐवजी 'काफी है' म्हणायला सुरुवात केली. आठ दिवसांत मोती कोणाच्याही तोंडून 'बस' ऐकले तरी बसू लागला.

'ये' हा शब्द शिकवताना एक पथ्य पाळायचे असते. 'ये' म्हणून बोलावल्यावर कुत्रा आला, तर त्याला कधीही रागवायचे नाही. तो कितीही उशिरा येवो, आल्यावर त्याचे कौतुकच करायचे. 'ये' म्हणून बोलावले आणि फटका दिला, तर पुढच्या वेळी तो कशाला येईल?

आता नेहमीच्या काही तक्रारी पाहू.

पहिली तक्रार, कुत्रा चपला कुरतडतो. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि हळूहळू ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू काहीही चावते. अशा वेळी चपला उचलून ठेवाव्यात आणि चावायला जाड दोराची गाठ द्यावी. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि घशाला किंवा आतड्याला इजा करतात.

दुसरी तक्रार, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. कुत्र्याला आपले लक्ष हवे असते. आपण ओरडलो किंवा ढकलले, तरी त्याला लक्ष मिळतेच. म्हणून त्याने उडी मारली, की पाठ फिरवून शांत उभे राहावे. चारही पाय जमिनीवर आले, की लगेच बोलावे. उडी मारून काही मिळत नाही आणि बसल्यावर सारे मिळते, हे त्याला थोड्याच दिवसांत कळते.

तिसरी तक्रार, सारखा भुंकतो. भुंकणे ही कुत्र्याची भाषा आहे. राखणीचा कुत्रा भुंकायलाच हवा. पण तो दिवसभर भुंकत असेल, तर आधी कारण शोधावे. भूक, तहान, भीती, एकटेपणा किंवा सतत बांधून ठेवणे, यांपैकी काहीतरी असते. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा चिडखोर होतो. प्राण्यांना मारणे, कुत्र्याला अतिशय आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे आणि पाळलेल्या प्राण्याला विनाकारण सोडून देणे, हे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हे आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ फिरवून आणलेला कुत्रा उगाच भुंकत नाही.

मुलांनो, आतापर्यंतची हकीकत हसण्यासारखी आहे. पुढची तशी नाही.

मोती सात महिन्यांचा झाला होता. एका दुपारी तो खात असताना माझा चार वर्षांचा धाकटा भाऊ त्याच्याजवळ गेला आणि त्याने त्याच्या भांड्यात हात घातला. मोती गुरगुरला. भावाला ते समजले नाही. पुढच्याच क्षणी मोती त्याच्या हाताला चावला. हातातून रक्त आले.

दादीने हळदीचा डबा आणला. पण तेवढ्यात काका धावत आले. त्यांनी भावाला पंपाखाली धरले आणि साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुतली. हळद, चुना, तिखट, तेल, काहीही लावू दिले नाही. मग अब्बांनी भावाला सरकारी दवाखान्यात नेले. मोतीला रेबीजची लस दिलेली होती. तरीही डॉक्टरांनी भावाची इंजेक्शने त्याच दिवशी सुरू केली. ते म्हणाले, "कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा. त्याला मारू नका आणि सोडूनही देऊ नका. तो आजारी पडला किंवा मेला, तर ताबडतोब मला कळवा."

डॉक्टरांनी एवढी काळजी का घेतली? कारण रेबीज हा अत्यंत भयंकर रोग आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यानंतर जखम लगेच धुतली आणि वेळेवर लस घेतली, तर हा रोग टाळता येतो. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि तो मुलगा वाचला. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, म्हणून लोक घाबरत. आता ती पद्धत बंद झाली आहे. आता थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात आणि ती दंडात देतात. मात्र डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नये. कुत्रा चावल्याचे घरच्यांच्या भीतीने कधीही लपवू नये.

घरी आल्यावर अब्बा म्हणाले, "दहा दिवस झाले, की मी याला बाजारच्या गाडीत घालून दूर सोडून येणार." त्यांचे म्हणणे चूक आहे, असे कोणालाच म्हणता येत नव्हते. भावाच्या हाताला पट्टी होती. मी रडत होते. काका एवढेच म्हणाले, "दहा दिवस आहेत ना? तेवढे मला द्या."

काकांनी आम्हाला समजावले, की मोती वेडा झालेला नव्हता. आपले खाणे कोणीतरी हिसकावून घेईल, असे त्याला वाटत होते. भाईजान गंमत म्हणून त्याच्यापुढचे भांडे ओढत असे, ते तेव्हा उघडकीस आले. "तो आधी गुरगुरला होता," काका म्हणाले. "गुरगुरणं म्हणजे सूचना. त्याबद्दल मारलं, तर तो गुरगुरणं सोडेल आणि सूचना न देता चावेल."

काकांनी मुलांना दूर बसवले. अब्बांनी लांब दोरीने बांधलेल्या मोतीपुढे साधी भाकरी ठेवली आणि ते दहा पावले मागे गेले. तिथून त्यांनी उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा त्याच्याकडे टाकला आणि पाठ फिरवली. असे रोज करायचे. मोती सैल अंगाने खात असेल, तरच दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे यायचे. त्याचे अंग ताठ झाले, तर पुन्हा मागे जायचे. माणूस जवळ येतो तो घ्यायला नाही, द्यायला येतो, हे मोतीला कळायला हवे होते.

हे काम माणसासाठीही सोपे नव्हते. अब्बा पहिल्या दिवशी रागाने तुकडा फेकत होते. पाचव्या दिवशी ते तुकडा टाकून थोडा वेळ पाहत थांबले. दहाव्या दिवशी ते मोतीपासून तीन पावलांवर होते आणि मोती शेपटी हलवत होता.

अकराव्या दिवशी बाजार होता. अब्बा भांडे हातात घेऊन अंगणात आले. आम्ही सारे ओसरीवर श्वास रोखून उभे होतो. अब्बा म्हणाले, "बस." मोती बसला. "थांब." अब्बांनी भांडे खाली ठेवले. मोती भाकरीकडे पाहत होता, पण हलला नाही. "घे," अब्बा म्हणाले, तेव्हाच तो उठला. अब्बा काही बोलले नाहीत. पिशवी घेऊन बाजाराला एकटेच निघून गेले. संध्याकाळी ते परत आले, तेव्हा पिशवीत मोतीसाठी कातड्याचा नवा पट्टा होता.

मोतीची ती सवय पूर्णपणे जायला आणखी दोन महिने लागले. त्यानंतरही आम्ही लहान मुलांना त्याच्याजवळ एकटे कधी सोडले नाही. तो नऊ वर्षे आमच्या गोठ्याची राखण करत होता.

तुम्हीही हे नियम पाळा :

१. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीच्या वा कुत्र्याच्या जवळ जाऊ नका.
२. अनोळखी कुत्रा समोर आला तर पळू नका, दगड मारू नका. हात अंगालगत ठेवून स्थिर उभे राहा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि मग हळूहळू दूर व्हा.
३. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्या आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा देत जा.
४. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला, तरी साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन लगेच दवाखान्यात जा.

आज मी शिक्षिका आहे. बी.एड. करताना पुस्तकात पावलॉव्ह यांचा प्रयोग वाचला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचे अंगण उभे राहिले. वर्गात एखाद्या मुलाला धडा समजला नाही, की मला चटकन राग येतो. पण मग भिंतीवरचा तो पाच शब्दांचा कागद आठवतो. मी स्वतःला विचारते, 'याला समजले नाही, की मीच एका गोष्टीसाठी तीन शब्द वापरले?' आणि मी तो धडा पुन्हा, सावकाश शिकवते.

शब्दार्थ

ओसरी – घरापुढची छपराखालची मोकळी जागा, बरामदा
उंबरा – दाराच्या चौकटीचा खालचा आडवा भाग, दहलीज
राखण – पहारा, रखवाली
सरपण – जळाऊ लाकडे
मठ्ठ – मंदबुद्धी, कुंदजेहन
पथ्य – पाळायचा नियम, परहेज
अणकुचीदार – टोकदार, नुकीला
लक्षणे – रोगाच्या खुणा, अलामतें
ताबडतोब – लगेच, फौरन

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी कुत्र्याचे पिल्लू का आणले?
(आ) आपण मोतीला मारले याची लेखिकेला लाज का वाटली?
(इ) मोतीसाठी घरात कोणते पाच शब्द ठरले?
(ई) डॉक्टरांनी मोतीला किती दिवस नजरेखाली ठेवायला सांगितले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) मार खाऊनही मोतीने ओसरी घाण करणे थांबवले नाही.
(आ) 'बस' शिकलेला मोती तिसऱ्या दिवशी गोंधळला.
(इ) गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुत्रा चावल्यावर काय करावे आणि काय करू नये?
(आ) दहा दिवसांत मोतीमध्ये आणि अब्बांमध्ये कोणता बदल झाला?

प्रश्न ४. वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
श्वास रोखणे, तोंडाला पाणी सुटणे, उघडकीस येणे, नजरेखाली ठेवणे.

प्रश्न ५. वाचा व समजून घ्या.
लहानांना सांगताना आपण 'बस' म्हणतो, मोठ्यांना आदराने 'बसा' म्हणतो. त्याप्रमाणे पुढील शब्दांची आदरार्थी रूपे लिहा : ये, थांब, सोड, घे, जा, ऐक.

प्रश्न ६. 'बस' या शब्दाचे मराठीत आणि उर्दूत कोणकोणते अर्थ होतात? प्रत्येक अर्थाचे एक वाक्य लिहा. उच्चार सारखा पण अर्थ वेगळा असलेले आणखी दोन शब्द शोधा.

उपक्रम : जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला शिक्षकांसह भेट द्या. पाळीव प्राण्यांना कोणत्या लसी देतात, याची माहिती मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.